अठराव्या शतकातलं फ्रेंच छापचित्र कसं वाचावं: कडेपासून चेहऱ्यापर्यंत

अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये एखाद्या बिशपचा, सावकाराचा किंवा नटीचा चेहरा सर्वसामान्यांना माहीत व्हायचा तो तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रातून. मूळ तैलचित्र कुणाच्या तरी वाड्यात टांगलेलं असे. त्याचं छापचित्र मात्र पॅरिसच्या रू सँ-जाक या रस्त्यावरच्या दुकानांत पैसे मोजले की मिळे. अशी चित्रं आजही लिलावांत, जुन्या बाजारात, मोडलेल्या ग्रंथांच्या सुट्या पानांत सापडतात. मुंबईच्या चोरबाजारात किंवा परदेशातल्या एखाद्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात असं चित्र समोर आलं, तर ते केव्हाचं, कुणाचं आणि कितपत अस्सल हे कसं ठरवायचं, त्यासाठी हा लेख.

बहुतेक जण आधी चेहरा पाहतात आणि तिथेच फसतात. चेहरा नक्कलेतही छान येतो. खरी माहिती कडांना, कागदात आणि खालच्या बारीक अक्षरांत असते. या चित्रामागे चित्रकार, कोरणारा, अक्षरं कोरणारा, छापणारा आणि विकणारा असे निदान चार-पाच हात असत आणि प्रत्येकाची खूण कागदावर राहिलेली असते. त्या खुणा एकेक करून शोधायच्या. चेहऱ्याकडे सर्वांत शेवटी यायचं.

तयारी

लागतं फारच थोडं: दहापट मोठं दाखवणारं भिंग, टॉर्च, मिलिमीटरची पट्टी, मऊ पेन्सिल आणि स्वच्छ, कोरडे हात. चित्र फ्रेममध्ये असेल तर काचेतून पाहून काहीही ठरवू नका. विकणारा फ्रेम उघडू देत नसेल तर किंमत विचारण्याच्याही भानगडीत पडू नये, असं माझं मत आहे. कागद दोन्ही हातांनी, समोरासमोरच्या कोपऱ्यांना धरून उचला. पेन जवळपाससुद्धा नको.

आधी पत्र्याची कड

टॉर्च टेबलाच्या पातळीवर आडवी धरा आणि उजेड कागदावरून सरपटत जाऊ द्या. चित्राभोवती चौकोनी दबलेली कड दिसली पाहिजे. ओलसर कागद शाई भरलेल्या तांब्याच्या पत्र्यावर ठेवून, वर लोकरी कापड घालून, दोन जाडजूड रुळांमधून काढत. त्या दाबाने पत्र्याचा आकार कागदात कायमचा उमटतो. तिरप्या उजेडात शाईच्या रेषाही किंचित उंचावलेल्या दिसतात, कारण शाई पत्र्याच्या पृष्ठभागावर नसते, खाचेत भरलेली असते आणि कागद त्या खाचेत शिरून ती वर घेऊन येतो. कागद अगदी सपाट आणि रेषाही सपाट असेल तर बहुधा ते नंतरचं लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र, किंवा यांत्रिक छपाई आहे. लिथोग्राफीचा शोधच मुळी 1790च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत लागला.

कड दिसली नाही म्हणजे लगेच नक्कल, असं मात्र नाही. जुने संग्राहक चित्रं वहीत चिकटवण्यासाठी समास कापून टाकत, अगदी पत्र्याच्या कडेच्या आतपर्यंत. अशा वेळी किंमत कमी होते, अस्सलपणा जात नाही. उलट बाजूही खरी आहे: एकोणिसाव्या शतकातल्या फोटोवरून कोरलेल्या हेलिओग्राव्ह्यूरलाही छान दबलेली कड असते. म्हणून एका खुणेवर थांबायचं नाही.

कड असेल तर पत्र्याची उंची आणि मग रुंदी मोजून ठेवा, मिलिमीटरमध्ये. कागद ओला असताना ताणतो आणि वाळताना आकसतो, त्यामुळे एकाच पत्र्याच्या दोन प्रतींत दोन-चार मिलिमीटरचा फरक पडू शकतो. त्याहून जास्त फरक पडला तर पत्राच वेगळा आहे असं समजा.

कागद उजेडापुढे

आता कागद खिडकीपुढे किंवा टॉर्चच्या मऊ उजेडापुढे धरा. त्या काळचा हातकागद तारांच्या साच्यावर बनत असे, म्हणून त्यात जवळजवळच्या बारीक रेषा आणि त्यांना काटकोनात, साधारण अडीच सेंटीमीटर अंतरावर जाड रेषा दिसतात. शतकाचा बराचसा भाग फ्रेंच चित्रं अशाच कागदावर छापली गेली. रेषा नसलेला, एकसंध दिसणारा कागद इंग्लंडमध्ये 1750च्या दशकात आला. फ्रान्समध्ये तो आनोने गावच्या गिरण्यांत 1770च्या दशकाच्या अखेरीपासून बनू लागला. तेव्हा 1723चं म्हणून दाखवलेलं चित्र रेषा नसलेल्या कागदावर असेल, तर पत्रा 1723चा असू शकतो, पण ती प्रत नक्कीच नंतरची.

जलचिन्हात द्राक्षांचा घड, कागद बनवणाऱ्याचं नाव, प्रांताचं नाव असं काही दिसेल. त्यात 1742 हा आकडा दिसला तर हुरळून जाऊ नका. सरकारी नियमामुळे फ्रेंच कागदवाल्यांनी तो साच्यात घातला आणि पुढे कित्येक दशकं तसाच ठेवला. त्यातून एवढंच सिद्ध होतं की कागद 1742च्या आधीचा नाही.

रेषा भिंगाखाली

इथे सर्वांत जास्त वेळ घालवा. भिंगातून आधी पार्श्वभूमी पाहा, मग कपडे, मग केस.

ब्यूरिन म्हणजे चौकोनी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराचं टोक असलेलं पोलादी हत्यार. ते तळव्याने पुढे ढकलत तांबं कापायचं. पत्रा वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठेवलेला असे आणि वळणदार रेषेसाठी हात न वळवता पत्राच फिरवत. म्हणून ब्यूरिनची रेषा सुरुवातीला केसासारखी बारीक, मध्ये फुगलेली आणि शेवटी पुन्हा टोकदार असते, आणि तिच्या कडा धारदार असतात. ॲसिडने खाल्लेल्या एचिंगच्या रेषेची टोकं बोथट असतात, कडा किंचित खडबडीत असतात आणि ती लिहिल्यासारखी सैल धावते. फ्रेंच कारागीर बहुधा दोन्ही वापरत. केस, फर, झाडं, पार्श्वभूमी आधी ॲसिडने काढायची आणि त्यावर ब्यूरिनने काम पूर्ण करायचं. त्यामुळे एकाच चित्रात दोन्ही प्रकारच्या रेषा सापडल्या तर ती चांगली खूण आहे.

कातडीसाठी त्यांची खास युक्ती होती. एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या रेषांतून शंकरपाळे तयार होतात आणि प्रत्येक शंकरपाळ्याच्या मध्ये एकेक ठिपका. गालावर उजेडाकडे जाताना रेषा तुटत तुटत नुसते ठिपके उरतात. हे भिंगाशिवाय दिसत नाही. दुरून फक्त मऊ गाल दिसतो.

या तंत्राची कमाल पाहायची तर पिएर-अँबेर द्रेव्हे याने 1723 साली इयासँत रिगोच्या चित्रावरून कोरलेला बिशप बोस्युए बघा. लेस, रेशीम, फर, पुस्तकाची पानं, लाकूड, संगमरवर: प्रत्येकासाठी रेषेचा वळसा वेगळा. सगळं काळ्या शाईत, तरी रेशीम कुठलं आणि मखमल कुठली हे विचारावं लागत नाही. याच माणसाने 1730 साली शार्ल क्वापेलच्या चित्रावरून कोरलेली नटी आद्रिएन लकूव्रर मला त्याहून आवडते, कारण तिथे कपड्यांचा दिमाख कमी आणि माणूस जास्त आहे. योहान गेओर्ग व्हिले या जर्मन कारागिराची पॅरिसमधली कामं, उदाहरणार्थ तोकेच्या चित्रावरून 1761 साली कोरलेला मार्की द मारिन्यी, तंत्रात त्याहूनही चकचकीत आहेत. पण साटीन इतकं लखलखतं की चेहरा थोडा मागेच पडतो. हे माझं मत. व्हिलेचे चाहते रागावतील.

भिंगातून रेषांऐवजी दुसरं काही दिसलं तर तंत्र वेगळं आहे. खडूसारखा, तुटक, रवाळ ठसा आणि बहुतेकदा लालसर शाई म्हणजे दातेरी चाकाने केलेली खडू-पद्धत. झाँ-शार्ल फ्रान्स्वा आणि झील देमार्तो यांनी ती 1750च्या दशकापासून रुजवली. मखमलीसारख्या काळ्यातून उजेड वर आल्यासारखा दिसत असेल तर मेझोटिंट. रंगीत असेल तर कडांना नीट पाहा. ल ब्लाँ याने निळा, पिवळा, तांबडा अशा तीन पत्र्यांवरून एकावर एक छपाई केली. त्याच्यामागून आलेल्या गोतिए दागोतीने चौथा काळा पत्रा जोडला. पत्रे तंतोतंत जुळणं अवघड, म्हणून कडेला एखाद्या रंगाची बारीक पट्टी बाहेर आलेली दिसते. जानिनेने 1777 साली केलेलं मारी आंत्वानेतचं चित्र किंवा क्रांतीच्या काळात पिएर-मिशेल आलिक्सने ॲक्वाटिंटमध्ये, म्हणजे ॲसिडने छटा उठवण्याच्या पद्धतीत, केलेली क्रांतिकारक मारा वगैरेंची चित्रं याच घराण्यातली. नंतर हाताने भरलेला जलरंग मात्र रेषेच्या वर बसलेला दिसतो आणि सीमेबाहेर ओघळतो.

आणि जर सारखे, रांगेत बसलेले ठिपक्यांचे जाळे दिसले तर भिंग खाली ठेवा. ते वर्तमानपत्रासारखं हाफटोन आहे आणि फार तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं किंवा विसाव्या शतकातलं पान आहे.

खालची अक्षरं

चित्राखाली डावीकडे साधारणपणे चित्रकाराचं नाव असतं आणि त्यापुढे ‘पिंक्सिट’ किंवा त्याचं संक्षिप्त रूप: याने रंगवलं. फक्त रेखाटन केलं असेल तर ‘डेलिनेआव्हिट’. उजवीकडे ‘स्कल्प्सिट’: याने कोरलं. ‘एक्सकुडिट’ म्हणजे प्रकाशक. पत्रा, धंदा आणि जोखीम त्याची. मध्यभागी, चित्रासाठी बसलेल्या माणसाचं नाव, पदव्या, कधी चार ओळींचं काव्य, आणि सगळ्यात खाली दुकानाचा पत्ता.

नाव वाचताना पहिलं नाव सोडू नका. द्रेव्हे तिघं होते: वडील पिएर, मुलगा पिएर-अँबेर आणि पुतण्या क्लोद. कोशँसुद्धा बाप-लेक दोघं. म्हणून सही करताना मुलगा ‘फिलिउस’ जोडतो. शतकाच्या मध्यापासून कोशँच्या रेखाटनांवरून गोल पदकासारखी, बाजूने दिसणारी छोटी व्यक्तिचित्रं निघाली आणि ती बरीच ओग्युस्तँ द सँतोबँने कोरली. तेव्हा अशा पदकाखाली दोन नावं असणं हेच योग्य.

तारीख ठरवण्यासाठी पत्ता हा माझा सर्वांत आवडता पुरावा. त्या काळी घरांना नंबर नव्हते, दुकानं पाटीने ओळखत: ‘रू सँ-जाक, दोन सोन्याच्या खांबांपाशी’ हा शेरो घराण्याचा पत्ता. पत्त्यात ‘शेरोची विधवा’ असं असेल तर ती प्रत फ्रान्स्वा शेरो वारला त्या 1729नंतरची, मग पत्र्यावर आत काहीही तारीख असो. त्या दुकानांची बरीचशी भिस्त विधवांवरच होती. पत्त्यात घर नंबर आला तर शतकाच्या शेवटाकडे या. ‘नागरिक’ असं संबोधन, रस्त्याच्या नावातून गळलेला ‘सँ’ (म्हणजे संत) किंवा ‘वर्ष 2’ अशी तारीख म्हणजे क्रांतीचा काळ, कारण प्रजासत्ताकाचं पंचांग 22 सप्टेंबर 1792पासून मोजत.

राजाच्या परवान्याची आद्याक्षरंही याच पट्टीत सापडतात. कोरणारा स्वतः राजाच्या चित्र-शिल्प अकादमीचा सभासद असेल तर तेही अभिमानाने लिहिलेलं असतं. हा अभिमान जुना. 1660 साली चौदाव्या लुईने सँ-झाँ-द-लूझ इथून काढलेल्या आदेशाने कोरण्याची कला कारागीर-पंचायतीच्या बंधनातून मोकळी झाली होती. अकादमीत प्रवेश हवा तर आपल्या आधीच्या सभासद कलावंतांची व्यक्तिचित्रं कोरून द्यावी लागत. गेओर्ग फ्रीडरिश श्मिटने 1744 साली रिगोवरून कोरलेला चित्रकार मिन्यार हे असंच प्रवेशपत्र.

प्रवेश मिळाला तसा जाऊही शकत असे. बालशूने 1750 साली रिगोवरून पोलंडचा राजा तिसरा ऑगस्टस कोरला. पण अक्षरांआधीच्या प्रती ठरल्यापेक्षा जास्त, परस्पर काढून विकल्याचा ठपका त्याच्यावर आला, अकादमीतून नाव गेलं आणि पुढचे दिवस त्याने आव्हिन्यों शहरात काढले. अक्षरं पूर्ण होण्याआधीच्या प्रती तेव्हाही जास्त मोलाच्या मानत, हे या भानगडीतून कळतं.

कोणती अवस्था?

त्यातूनच पुढचा प्रश्न येतो. कारागीर काम करता करता चाचणी प्रती काढत असे. प्रत्येक बदलानंतरच्या प्रतीला संग्राहक ‘अवस्था’ म्हणतात. नुसत्या एचिंगची प्रत, अक्षरांआधीची प्रत, अक्षरांसह प्रत, पत्ता बदललेली प्रत, अशी ही साखळी असते. अक्षरांआधीची प्रत दाखवली जाते तेव्हा खालची पट्टी भिंगाने तपासा. कागद खरवडून अक्षरं उडवलेली असू शकतात. तिथे तंतू उभे राहतात आणि तिरप्या उजेडात डाग मंद दिसतो.

सरदारांच्या चित्रांत चौथऱ्यावरची ढाल पाहा. 1790च्या जूनमध्ये फ्रान्सने पदव्या आणि कुलचिन्हं रद्द केली आणि मग काही पत्र्यांवरून ती घासून काढली गेली. अशा जागी पत्रा खरवडल्याचे अस्पष्ट व्रण छापात उतरतात. बेर्विकने कालेच्या चित्रावरून 1790 साली कोरलेल्या सोळाव्या लुईचा पत्रा तर क्रांतीत तोडला गेला. पुढे तो जोडून पुन्हा छापला, म्हणून त्या चित्राच्या प्रतीत आधी जोडाची रेघ शोधायची असते.

अवस्था पक्की करायला छापील याद्यांचा आधार घ्यावाच लागतो. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची अठराव्या शतकातल्या कोरणाऱ्यांची यादी हा मुख्य आधार, आणि द्रेव्हे घराण्यासाठी फिरमँ-दिदोने 1876 साली केलेली यादी. दोन्ही फ्रेंचमध्ये आहेत, पण अवस्थांची वर्णनं इतकी ठरावीक असतात की शंभरेक शब्द ओळखीचे झाले की काम भागतं. तुलनेसाठी गाल्लिका (त्याच राष्ट्रीय ग्रंथालयाचा ऑनलाइन संग्रह), ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय यांच्या मोफत, मोठ्या आकाराच्या प्रतिमा वापरा.

झीज

तांबं मऊ असतं. दर वेळी शाई पुसताना आणि रुळाखालून जाताना रेषा उथळ होत जाते. सर्वांत आधी जातात ते गालावरचे आणि कपाळावरचे ठिपके, मग लेसमधल्या केसासारख्या रेषा. गाल पांढराफटक आणि कोट मात्र गडद काळा असेल तर पत्रा थकल्यावर काढलेली प्रत समजा. पुष्कळदा प्रकाशक दुसऱ्या कुणाकडून रेषा पुन्हा खोल करून घेत. मग चेहऱ्यावर कठोरपणा येतो, डोळ्यांभोवती जाड रेघा दिसतात.

गोंधळाची एक जागा इथेच आहे. अकादमीचे आणि राजाचे पुष्कळ पत्रे 1797 साली स्थापन झालेल्या लूव्रच्या शाल्कोग्राफीत, म्हणजे तांब्याचे पत्रे जपणाऱ्या आणि छापणाऱ्या विभागात, गेले आणि एकोणिसाव्या शतकापासून पोलादाचा पातळ थर चढवून पुन्हा छापले गेले. या प्रती खऱ्या पत्र्यावरच्या, स्वच्छ आणि देखण्या असतात; शिकण्यासाठी उत्तम. पण त्या अठराव्या शतकातल्या नाहीत. समासातला कोरडा, उठावाचा शिक्का शोधा. समास कापलेला असेल तर कागद आणि शाईचा थंड, एकसारखा काळा रंग यांवरून ओळखावं लागतं.

ओदिएव्र नावाच्या व्यापाऱ्याने छोट्या, स्वस्त व्यक्तिचित्रांची मोठी मालिका काढली. पुढे ती चित्रं ग्रंथांतही बांधली गेली. एका बाजूला शिवणीची भोकं किंवा घडी दिसली तर बहुधा ग्रंथातलं पान आहे. स्वस्त, सहज मिळणारं आणि सुरुवातीला घ्यायला चांगलं.

उजवं-डावं

छापताना चित्र उलटं होतं. कोरणाऱ्याला मूळ चित्रासारखी दिशा हवी असेल तर त्याला आरशात पाहून पत्र्यावर उलटं कोरावं लागे. रिगोच्या चित्रांवर काम करणारे बहुधा ही मेहनत घेत. स्वस्तात नक्कल करणारे घेत नसत. सँतेस्प्री या राजसन्मानाचा निळा पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे जातो आणि तलवार डाव्या बाजूला असते. पट्टा डाव्या खांद्यावर दिसला तर चित्र उलटलेलं आहे आणि बहुधा ती दुसऱ्या छापचित्रावरून केलेली नक्कल आहे.

आता चेहरा

इथवर आलात तर चेहऱ्याकडे बघण्याचा अधिकार मिळाला. दगडी खिडकीसारख्या लंबगोल चौकटीत बसवलेला, तीन-चतुर्थांश वळलेला चेहरा ही सतराव्या शतकातल्या नान्तई या कोरणाऱ्यापासूनची रीत. कोशँने तो बाजूने वळवला आणि पदकात बसवला. एतिएन फिकेने लेखकांचे चेहरे इतके लहान कोरले की भिंगाखाली ठेवल्यावरच त्यांच्या पापण्या वेगळ्या दिसतात.

शतकाच्या शेवटी ही सगळी मेहनत एका यंत्राने ओलांडली. व्हर्सायच्या दरबारी वादकांतला झील-लुई क्रेत्यँ याने 1786 साली फिझिओनोट्रास बनवलं. समोर बसलेल्या माणसाची बाजूची आकृती दांड्यांच्या जोडणीतून आधी मूळ आकारात उतरवायची, मग तशाच सांध्याने लहान करून तांब्यावर घ्यायची. तयार गोल चित्र साधारण पाच-सहा सेंटीमीटरचं. ग्राहकाला पत्रा आणि त्याच्या डझनभर प्रती मिळत. क्रेत्यँबरोबर काही काळ असलेल्या कनदेकडे 1789 साली थॉमस जेफरसनही बसला होता. ही चित्रं ओळखायला सोपी: गोल, बाजूचा चेहरा, आणि खाली रेखाटणाऱ्याचं, कोरणाऱ्याचं नाव व पॅरिसचा पत्ता इतकं बारीक की भिंग लागतंच. दिमाख नाही, लेस नाही. व्यापारी, वकील, त्यांच्या बायका, ज्यांना रिगो कधीच परवडला नसता, ते इथे भेटतात. मला विचाराल तर संग्रहाची सुरुवात यांच्यापासून करावी.

जपणूक

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळा हाच खरा शत्रू. तांबूस ठिपके आणि कसर यांना दमट, बंद फ्रेम फार आवडते. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. मागचा पिवळट पुठ्ठा काढून आम्लरहित बोर्ड घाला, काच कागदाला टेकू देऊ नका. चिकटपट्टी, फेविकॉल, लॅमिनेशन अजिबात नको. बसवायचं असेल तर जपानी कागदाच्या दोन बारीक पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, तीही फक्त वरच्या कडेला. डाग धुण्याचा, उन्हात विरंजन करण्याचा घरगुती प्रयोग करू नका. ते काम कागद-संवर्धकाचं.

शेवटी नोंद

जे पाहिलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा, वेगळ्या कागदावर. क्रम असा: बसलेली व्यक्ती, चित्रकार, कोरणारा, पत्र्यावरची तारीख, तंत्र, पत्र्याची उंची × रुंदी, कागद आणि जलचिन्ह, खालची सगळी अक्षरं जशीच्या तशी, चुकांसकट, पत्ता, यादीतला क्रमांक आणि अवस्था, झीज आणि डाग, कुठून, केव्हा, कितीला घेतलं. चित्रामागे पेन्सिलने फक्त तुमचा नोंद क्रमांक टाका, तोही कोपऱ्यात आणि हलक्या हाताने, कारण पेन्सिल दाबली की तिचा ठसा पुढच्या बाजूला उमटतो.